झरीला नेलेली वन-टन आणि मी काढलेली वायर

ब्रेकची लाल लाइट विझत नव्हती, म्हणून मी तिची वायरच काढून टाकली.

हे वाक्य मी पुढे चौकशीत लिहून दिलं. खाली सही, नंबर, रँक. हवालदार, व्हेइकल मेकॅनिक, नोकरी एकोणीस वर्षं. क्लार्कने वाचलं आणि विचारलं, "एवढंच?" मी म्हटलं, "नाही रे बाबा. ही तर सुरुवात."

२०१७ चा हिवाळा होता. मी मुंबईतल्या एका युनिटच्या वर्कशॉपमध्ये होतो. दुपारी बाराला ऑर्डर आली. सिपाही दिनेश धोडी, ड्रायव्हर, वय चोवीस. उत्तरेला डोंगरात, बर्फातून रसद नेताना त्याची गाडी रस्त्यावरून खाली गेली. पार्थिव संध्याकाळी अँब्युलन्सने डहाणूला येणार आणि रात्री सरकारी रुग्णालयात राहणार. सकाळी सातला फुलांच्या गाडीतून घरी, तलासरी तालुक्यात झरीजवळच्या पाड्यावर.

फुलांची गाडी आमच्या युनिटने द्यायची होती. माझं नाव निघालं, कारण माझं घर आशागडला. "राऊत लोकल आहे, रस्ता ओळखतो," असं ऑर्डर देणारा म्हणाला. रस्ता मी ओळखत होतोच. घोळ गाडीचा झाला.

गाडी म्हणजे वन-टन. तुमच्या भाषेत मोठा उघडा टेम्पो, फक्त हिरवा. ड्रायव्हर नायक कदम, साताऱ्याकडचा, दिवसाला दहा शब्द बोलणारा. त्याची बायको त्या महिन्यात बाळंत होणार होती आणि आठ दिवसांनी त्याची रजा सुरू होत होती. रजेचा कागद तो वरच्या खिशात ठेवायचा आणि दर हॉल्टला खिसा चाचपायचा.

आम्ही साडेतीनला डहाणूला पोचलो. हायवेची धूळ आणि मधल्या कच्च्या रस्त्याचा चिखल यांनी गाडी खालून वरपर्यंत राखाडी झाली होती. रुग्णालयामागच्या उतरत्या मैदानात कदमने ती लावली आणि हॅन्डब्रेक ओढला. उतार होता म्हणून चांगला, दोन हातांनी ओढला.

फौजेत तपासणी म्हटलं की आधी गेरू-चुना निघतो आणि पाना नंतर. झाडांच्या बुंध्यांना गेरू, दगडांना चुना, टायरांना काळं. मी याच शाळेत शिकलो. सकाळी कलेक्टर ऑफिसची माणसं येणार, कॅमेरे येणार, आणि माझ्या तालुक्यातले लोक गाडीकडे बघणार. मी डहाणू रोडला स्टेशनजवळच्या दुकानातून काळा ऑइलपेंट आणला, दोन डबे. फाळका रंगवला, बंपर रंगवला, मडगार्डं रंगवली. मग गाडीखाली पाठ टेकून शिरलो. एक्सल, स्प्रिंगपाटे, ब्रेकच्या केबली, त्यांचे जोड, पिना, सगळं. आधी चिखल खरवडायला हवा होता. तो खरवडायला वेळ लागतो. रंग चिखलावरही छान बसतो.

"साहेब, तिथं कोण बघणार?" कदमने विचारलं.

"मी बघणार," मी म्हटलं.

साडेसहाला काम संपलं. मागे फुलांच्या माळा सोडायला अडचण होत होती, म्हणून टूलबॉक्स आणि जॅक उतरवून रुग्णालयाच्या व्हरांड्यात ठेवले. गाडी इतकी सुंदर दिसत होती की मी मोबाइलवर तिचे चार फोटो काढले.

त्याच संध्याकाळी रामजी भेटला. दिनेशचा थोरला भाऊ. तलासरी-झरी रस्त्यावर स्वतःचा टेम्पो चालवायचा. तो व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता, रडत नव्हता. माझ्या दंडावरच्या पट्ट्या आणि काळे हात त्याने नीट पाहिले.

"तुमी गाड्यांचे मिस्त्री ना?"

"हो."

"मंग सांगा. त्याची गाडी कशी पडली?"

"चौकशी चालू आहे. अहवाल आला की कळवण्यात येईल."

"हा तर कागद बोलला. तुमी बोला."

मी बोटांवरचा काळा रंग चोळायला लागलो. तो म्हणाला, "ब्रेक गेला होता ना? सांगायचा नाय म्हणून सांगत नाय तुमी."

"तसं काही नाही."

"तुमाला काय म्हाइत? तुमी होता तिथं?" आणि मग, "कुठले तुमी?"

"आशागड."

"हां. वाडीवाले. आमची आय तुमच्याकडच्या वाड्यांत चिकू उतरवायला यायची. तवा पण तुमी लोक असाच बोलायचे. बघू. कळवू."

मी निघून आलो. अहवाल मी पाहिलेला नव्हता, हे खरं. पण हात धुवायची घाई होती, हे जास्त खरं.

सकाळी सहाला कदमने इंजिन चालू केलं आणि मला हाक मारली.

"साहेब, लाल लाइट जात नाही."

डॅशबोर्डवर ब्रेकची लाइट पेटलेली. या लाइटला दोनच गोष्टी सांगायच्या असतात. एक तर ब्रेक ऑइल कमी आहे, नाहीतर हॅन्डब्रेक लागलेला आहे. मी बॉनेट उघडून ऑइल बघितलं. भरलेलं. मग लिव्हर बघितला. खाली होता.

कदम म्हणाला, "पूर्ण बसत नाहीये. बोटभर राहतोय."

मी वरून दाबला. बसल्यासारखा वाटला. लाइट तशीच.

"स्विच खराब आहे," मी सांगितलं.

"खालून बघू का?"

"पावणेसात वाजता मेजरसाहेब येतायत. रंगाला हात लावायचा नाही."

आमच्या पार्टीचे मेजर हरियाणाचे होते. त्यांना डॅशबोर्डवर पेटलेली लाइट दिसली की ते तिचा जन्म, कूळ आणि सर्व्हिस रेकॉर्ड विचारायचे. मी लिव्हरखाली हात घातला, स्विचची वायर ओढून काढली आणि मॅटखाली सरकवली. लाइट गेली. कदमने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "झालं काम." त्याने खिसा चाचपला.

०६४५ ला मेजरसाहेबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "गुड टर्नआउट, राऊत." माझ्या एकोणीस वर्षांच्या नोकरीतली ही शेवटची शाबासकी.

०७१० ला पेटी गाडीत चढली. वर तिरंगा. सहा जवान दोन्ही बाजूंना, पायथ्याशी रामजी. पुढे पायलट जीपमध्ये मेजरसाहेब. वन-टनच्या केबिनमध्ये कदम आणि मी, माझ्या हातात वॉकी-टॉकी. मागे मोटरसायकली, सुरुवातीला तीस-चाळीस, पुढे मोजता येईनात.

आशागडला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभे होते. शाळेची मुलं, वाड्यांतल्या बायका, माझे चुलते, माझे शत्रू. मी कदमला चालण्याच्या वेगाने घ्यायला लावलं आणि दार उघडून पायरीवर उभा राहिलो. छाती पुढे, नजर समोर. लोक दिनेशला फुलं वाहत होते आणि मी वेड्यासारखा मान ताठ करून त्यातली काही अंगावर घेत होतो. माझ्या चुलतभावाने फोटो काढला. त्यात मागच्या चाकाजवळ पांढुरका धूर दिसतो. मला तो उदबत्तीचा वाटला.

गंजाड सोडल्यावर कदम म्हणाला, "गाडी ओढत नाही."

"फुलांचं वजन असेल."

त्याने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

हायवेला लागल्यावर पायलट जीपने वेग वाढवला. आमची गाडी तिसऱ्या गिअरमध्ये कण्हत होती. मी वॉकी-टॉकी उचलला.

"पायलट, वन-टन. स्पीड कम कीजिए. ओव्हर."

"वन-टन, पायलट. कारण? ओव्हर."

"गाडी पिक-अप नहीं ले रही. ओव्हर."

थोडा वेळ नुसती खरखर. मग, "राऊत, गाडी में एक ही जवान है. इतना भारी नहीं था वो. आउट."

त्यानंतर पाच-सात किलोमीटरवर केबिनच्या मागच्या काचेवर मुठी बसायला लागल्या. रामजी. मी काच सरकवली.

"ब्रेक जळतात!"

"पुढच्या ट्रकचा वास आहे."

"रोज टेम्पो हाकतो मी! मला वास शिकवता?"

"क्लचचा असेल मग."

"थांबवा गाडी!"

मी कदमला म्हणालो, "चालू दे. तलासरीला बघू." आणि तोवर माझा एकही हुकूम न मोडलेल्या कदमने इथे हुकूम मोडला. त्याने इंडिकेटर दिला आणि गाडी डावीकडे, एका पंक्चरच्या दुकानासमोर उभी केली. तलासरी दोन-तीन किलोमीटर राहिली होती. वेळ १०१५.

दोन्ही मागच्या चाकांतून धूर येत होता. आता उदबत्ती म्हणायची सोय नव्हती. मोटरसायकली आल्या, थांबल्या, माणसं उतरली. मिनिटभरात गाडीभोवती दोनशे लोक.

"गाडी पेटली!"

"पेटी उतरवा आधी!"

कोणीतरी दुकानातली पाण्याची बादली उचलली. मी ओरडलो, "पाणी नको! ब्रेकच्या तापलेल्या ड्रमवर पाणी मारलं तर तडकेल!"

"आता शिकवतोय!" गर्दीतून आवाज आला. "अर्ध्या तासापासून धूर येतोय, तेव्हा कुठं होता?"

"पायरीवर उभा होता," दुसरा म्हणाला. "आशागडपासून बघतोय मी त्याला. नवरदेवासारखा."

लोक हसले. पेटीसमोर हसले, माझ्यामुळे हसले. ते हसू मला अजून ऐकू येतं.

मेजरसाहेब जीपमधून उतरून आले. रामजी फाळक्यावरून खाली उडी मारून त्यांच्यासमोर उभा राहिला.

"साहेब, आयनं दोन दिस पाणी पण घेतला नाय. अकरा वाजेपर्यंत गाडी चालती झाली तर ठीक. नायतर माझा टेम्पो बोलवतो. माझ्या भावाला मी नेतो. मंग तुमी येऊ नका. बंदुका नको, बिगुल नको, झेंडा पण तुमचा तुमी घेऊन जा."

मेजरसाहेबांना मराठी जेमतेम यायची. एवढं मात्र सगळं कळलं. त्यांनी घड्याळ बघितलं.

"राऊत. चाळीस मिनट."

"जी सर." मी गाडीच्या मागे गेलो आणि मला आठवलं की जॅक रुग्णालयाच्या व्हरांड्यात आहे. टूलबॉक्ससकट.

पंक्चरच्या दुकानाचे मालक मगनभाई दारात बसून हे सगळं बघत होते. सत्तरीचे, पांढरी बंडी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

"मगनभाई, जॅक मिळेल?"

"मिलिटरीवाले आनि जॅक नाय?" त्यांनी चष्मा वर केला. "बंदूक तरी आनली का?"

"अन् दहा नंबरचा पाना."

"पाना पन नाय! शूं वात करो छो, साहेब!" पण उठले आणि दोन्ही आणून दिले. जॅक देताना म्हणाले, "परत द्या हां. त्या पोरासाठी देतो, तुमच्यासाठी नाय."

पुढच्या चाकांच्या हबजवळ मी हात नेला. थंड. मागच्या दोन्ही चाकांशी हात नेववत नव्हता. एकच चाक धरलं असतं तर त्या चाकाचा सिलेंडर किंवा ड्रमला आतून घासणारा शू बघितला असता. दोन्ही सारखी धरली होती, म्हणजे दोष दोघांच्या सामाईक वाटेवर. वाटा दोन. पायाच्या ब्रेकचं ऑइल, किंवा हॅन्डब्रेकची केबल.

पुढच्या चाकांना दगड लावले, मागचं एक चाक उचललं आणि पायाने ढकललं. हललं नाही. मी गाडीखाली शिरलो. शेजारी काहीतरी घासलं. बघतो तर रामजी त्याच्या पांढऱ्या सदऱ्यासकट माझ्या बाजूला आडवा झालेला.

"तुम्ही बाहेर थांबा."

"तुमच्या भरवशावर थांबलो होतो. काय झाला ते बघितला."

मी ब्रेकचा निपल, म्हणजे ऑइल सोडायचा स्क्रू, सैल केला. ऑइल थेंबथेंब आलं. कुठे दाब अडकला असता तर जोरात उडालं असतं आणि चाक सुटलं असतं. थेंबथेंब आलं आणि चाक घट्टच राहिलं.

"ऑइल नाय," रामजी म्हणाला. "हॅन्डब्रेक हाय."

"लिव्हर खाली आहे."

"लाइट?"

"लाइट लागलेली नाही."

खोटं नव्हतं. अक्षर न् अक्षर खरं होतं. तसलं खरं बोलायला फौजेत एकोणीस वर्षं लागतात.

रामजी सरपटत बाहेर गेला. मला वाटलं, सुटलो. तो केबिनमध्ये चढला, चावी फिरवली आणि हॅन्डब्रेक पूर्ण वर ओढला. मला खालून त्याचे पाय आणि कदमचे बूट दिसत होते.

"हॅन्डब्रेक लावला तरी लाइट लागत नाय," त्याचा आवाज आला. "ही लाइट मेलेली हाय."

मग मॅट उचलल्याचा आवाज.

"मेलेली नाय. मारलेली हाय. वायर काढलीय कोणी तरी."

मी बाहेर आलो. रामजीच्या हातात वायरचं टोक होतं. मेजरसाहेब पुढे आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. गाडी ड्रायव्हरच्या ताब्यात असते.

"कदम. तूने निकाली?"

कदम सावधानमध्ये उभा. नजर समोर, हायवेपलीकडच्या गवतावर. तो बोलला नाही. हात खिशाकडेही गेला नाही.

मीही बोललो नाही. किती वेळ, ते मला माहीत आहे, कारण मी मनात मोजत होतो. एक, दोन, तीन, चार. चार सेकंद मी त्या माणसाच्या रजेवर उभा राहिलो. चार सेकंद म्हणजे थोडे नव्हेत. तेवढ्यात माणसाला स्वतःची पुरती ओळख पटते.

"मैंने निकाली, सर."

"क्यों?"

"लाइट जल रही थी, सर."

गर्दीत कोणीतरी हे मागच्यांना सांगितलं. या वेळी कोणी हसलं नाही.

रामजी माझ्याकडे बघत होता. त्याने हळू विचारलं, "दिन्याच्या गाडीची पण कोणी अशीच काढली होती काय?"

मी मेजरसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी टोपी काढली, परत घातली. "मुझे नहीं पता," ते म्हणाले. "सच में नहीं पता."

वेळ १०३२. मी परत खाली शिरलो. यावेळी मगनभाईंची बॅटरी घेऊन. दोन्ही चाकांच्या केबली जिथे एका जोडावर येतात, तिथे उजेड टाकला. तो जोड, त्याच्या पिना, केबलचं कवचात शिरणारं तोंड, सगळं काळंकुळकुळीत, गुळगुळीत, सुंदर. चिखलावर ऑइलपेंट, दोन हात. रात्रभरात त्याचं प्लास्टर झालं होतं, आणि रंग देताना हॅन्डब्रेक ओढलेला होता. म्हणजे मी ब्रेक लावलेल्या स्थितीतच तो चिणून टाकला होता. सकाळी कदमने लिव्हर सोडला, पण खाली काहीच पूर्ण सुटलं नाही. म्हणून लिव्हर बोटभर वर राहिला आणि म्हणून लाइट लागली. लाइट पहिल्यापासून खरं बोलत होती. त्या गाडीत तेवढी एकच गोष्ट खरं बोलत होती.

रामजीने नखाने रंग खरवडला. काळ्याखाली राखाडी माती.

"हा रंग कोणी मारला?"

"मी."

"तो पण तूच?" 'तुमी' इथे संपलं.

"तो पण मीच."

त्याने कमरेचा कोयता काढला. क्षणभर मला वाटलं, बरोबर आहे, असंच व्हायला पाहिजे. त्याने कोयत्याच्या टोकाने जोडावरचं प्लास्टर फोडायला सुरुवात केली. मी मगनभाईंच्या स्क्रूड्रायव्हरने पिना मोकळ्या केल्या. कदमने डिझेल आणून दिलं. केबलच्या तोंडात डिझेल सोडून आम्ही लिव्हर वर-खाली करायला लावला, पंधरा वेळा, वीस वेळा. मग जोडाचा नट सहा आटे सैल केला. कट्ट असा आवाज आला आणि केबल मागे सरकली. मी चाक ढकललं. फिरलं. शू घासत होते, पण फिरलं.

दुसरंही फिरलं. ड्रमला तडा नव्हता. पायाचा ब्रेक तपासला, लागत होता आणि सुटत होता. मी वायर जागेवर बसवली. रामजीने स्वतः लिव्हर ओढला, लाइट लागली, सोडला, गेली. तीनदा केलं. माझ्यावर त्याचा विश्वास नव्हता, आणि तीन वेळा म्हणजे फार नव्हे.

वेळ १०५४.

"सर, गाडी तयार," मी रिपोर्ट दिला. "तीस के ऊपर नहीं जाएंगे. हॅन्डब्रेक यूज नहीं करेंगे, हॉल्ट पे पहियों को पत्थर लगाना पड़ेगा."

मेजरसाहेबांनी रामजीकडे पाहिलं. हुकूम आता त्याचा होता.

"हा पुढं नाय बसायचा," रामजीने माझ्याकडे बोट केलं. "पुढं मी बसनार. लाइटकडं मी बघनार."

"ठीक है," मेजरसाहेब म्हणाले. आणि जीपकडे न जाता ते वन-टनमध्ये चढले आणि पेटीच्या उशाशी उभे राहिले.

मगनभाईंनी जॅक परत घेतला आणि मला त्यांच्या दुकानातले दोन मोठे दगड दिले. पंक्चर काढताना चाकाला लावायचे, तेलकट, कोपरे झिजलेले. "हे ठेवा," ते म्हणाले. "हे बिघडनार नाय."

तलासरी नाक्यावर गाडी थांबली. मी उडी मारून दगड लावले. लोकांनी फुलं वाहिली. मी दगड काढले, पळत जाऊन चढलो. शाळेपाशी थांबली, उडी, दगड. देवळापाशी थांबली, उडी, दगड. झरीपर्यंत अकरा वेळा. आशागडला छाती काढून उभा असलेला हवालदार तलासरीत दोन दगड छातीशी धरून गाडीमागे पळताना ज्यांनी पाहिला, त्यांना काय वाटलं असेल ते मला विचारू नका.

पाड्यावर पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. दिनेशची आई अंगणात बसली होती. पेटी उतरली तेव्हा ती उठली आणि पेटीच्या लाकडावर तळहात ठेवून उभी राहिली. सलामी झाली, बिगुल झालं. मेजरसाहेबांनी झेंड्याची घडी तिच्या हातात दिली. रामजीने सलामीला मनाई केली नाही. मी चाकांपाशी उभा होतो. दगड सोडून कुठे जायची मला परवानगी नव्हती, आणि मी मागितलीही नाही. सॅल्यूट तिथूनच केला.

मला सिव्हिअर रेप्रिमँड मिळालं, म्हणजे रेकॉर्डवर कायमची कडक ताकीद. त्यामुळे पुढची बढती, नायब सुभेदारी, गेली ती गेलीच. कदम रजेवर गेला, मुलगी झाली. त्याने पेढे पाठवले, सोबत चिठ्ठी नव्हती.

रामजीचा प्रश्न मात्र माझ्याकडे राहिला होता. दिनेशच्या युनिटमधला वर्कशॉपचा हवालदार माझ्या कोर्सचा निघाला. त्याला गाठायला सात महिने गेले. फोनवर मी सरळ विचारलं, ब्रेक होता का? तो म्हणाला, "दरीतून वर काढल्यावर ड्रम मी माझ्या हातांनी उघडलेत. ब्रेक ठीक होते. रस्त्याची कडाच सुटली बर्फाखाली. आणि तुला सांगू, तो पोरगा डोकं खायचा. साधी कसलीही लाइट लागली की गाडी उभी करायचा आणि चावी माझ्या टेबलावर फेकायचा. म्हणायचा, आधी विझवून दाखवा, पण खरी विझवा. एकदा दोन दिवस गाडी हलू दिली नाही, सगळ्या युनिटने शिव्या दिल्या. त्या दिवशी कसलीच लाइट नव्हती रे. रस्ताच गेला."

२०१८ च्या पावसाळ्यानंतर मी सुट्टीवर आलो तेव्हा झरीला गेलो. रामजी अंगणात टेम्पो धूत होता. या म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. आई ओट्यावर वाल सोलत होती. मी उभ्या उभ्याच ऐकलेलं सगळं सांगितलं. चावी टेबलावर फेकायचा तेही सांगितलं, शिव्या खाल्ल्या तेही. रामजीने नळ बंद केला.

"म्हणजे गाडी नीट होती," तो म्हणाला.

"नीट होती. त्याने ठेवली होती."

रामजी तोंड फिरवून घरात गेला. मी निघायला वळलो. आईने वालाची टोपली बाजूला सारली आणि मला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं.

"दगडवाला ना तू?"

"हो, आई."

"दिन्या असता ना," ती म्हणाली, "तर तुला त्यानं गाडीला हात लावू दिला नसता. पुसायला पण नाय."